हेल्वीचं ताट

नोव्हेंबर लागला की या गावातली माणसं बोलायची कमी होतात, असं बाहेरचे म्हणतात. मला ते पटत नाही. ती ऑक्टोबरातही बोलत नव्हती. फरक एवढाच, की नोव्हेंबरात ती दिसतही नाहीत. दुपारची कॉफी पिऊन होईस्तोवर अंधार पडतो. बर्फ अजून आलेलं नसतं, त्यामुळे जमिनीवरूनही उजेड येत नाही. चिखल, झाडांची काळी खोडं, आणि पाऊस आहे की धुकं हे स्वतःच न ठरवलेलं काहीतरी हवेत.

मी वीट्स्के. मूळची हॉलंडच्या उत्तर टोकाची. गायींचं दूध काढायची यंत्रं दुरुस्त करते. गायी सगळीकडे सारख्याच, म्हणून फिनलंडच्या या कोपऱ्यात वर्षभराच्या कामाला आले आणि केस पांढरे होईपर्यंत राहिले. गोठ्यांवर मला 'ती डच बाई' म्हणतात, तेही तोंडावर. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. इथे जे काही म्हणायचं ते तोंडावरच म्हणतात, फक्त म्हणायचं फार थोडं असतं.

शेजारची हेल्वी मात्र तशी नव्हती. मी राहायला आले त्या आठवड्यात कुंपण ओलांडून आली, माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "तू घरात गोठ्यात कोंडलेल्या गायीसारखी येरझाऱ्या घालतेस. आमच्या खिडकीतून दिसतं. चल, मशरूम काढायला." तेव्हापासून ती माझी मैत्रीण. जंगलात कुठलं मशरूम खायचं, सौनाच्या, म्हणजे इथल्या लाकडी न्हाणीघरातल्या, वाफेत किती बसायचं, गावात कुणाच्या वाटेला जायचं नाही, सगळं तिनंच शिकवलं. ती एप्रिलात गेली. तिचा नवरा ताइस्तो, लाकडाचे ट्रक चालवून निवृत्त झालेला, पहिल्यापासून शब्द तोलूनमापून वापरणारा. एप्रिलनंतर त्यानं तराजूच उचलून माळ्यावर टाकला. उन्हाळ्यात एकदा हेल्वीचा राखाडी लोकरी स्वेटर माझ्या दारात आणून ठेवला आणि निघून गेला. एवढीच काय ती त्याची हालचाल.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी इथे केक्री असते. सुगी संपल्याचा सण, आणि त्याच दिवशी मेलेल्यांची आठवण. शहरात गवताचा मोठा बोकड करून जाळतात, बाकीचे कबरस्तानात मेणबत्त्या लावून घरी जातात आणि पडदे ओढून घेतात. मी दर वर्षी या सुट्टीला गाव सोडून पळायचे. या वर्षी पळायचं नाही, असं ठरवलं. बायको गेल्यावरची म्हाताऱ्याची पहिली केक्री, आणि त्याला मी एकट्याला ठेवणार नव्हते. त्याला आवडो न आवडो.

गुरुवारी तो सरपण फोडत होता तेव्हा गाठलं. इथे लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

"शनिवारी संध्याकाळी मी येतेय तुझ्याकडे."

"गरज नाही."

"वाटाण्याचं सूप आणते."

"गरज नाही."

"इल्का येतोय का?" इल्का त्याचा मुलगा. बायको आणि दोन मुलींसह उत्तरेला राहतो.

ताइस्तोनं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली, तळ्याकडे बघितलं. "येतो म्हणालाय."

झालं एवढंच. आता 'गरज नाही' हे या लोकांचं कसं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. यांच्या घराला आग लागली आणि बंब आला, तरी हे बंबवाल्याला तेच सांगतील. म्हणून मी ते कानाआड केलं. पुढचं सगळं त्यातून घडलं.

शनिवारी अंधार पडल्यावर सुपाचं पातेलं घेऊन मी कुंपण ओलांडलं. थंडी होती म्हणून हेल्वीचा स्वेटर अंगात. सौनाच्या झोपडीतून धूर येत होता, तिच्या खिडकीत मेणबत्ती. डोकावून बघितलं. आत मस्त ऊब, बाकावर घडी घातलेले सहा टॉवेल, पाण्यात अंगावर मारून घ्यायची भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी. माणूस नाही. घराचं दार नुसतं लोटलेलं. आत गेले आणि बघतच राहिले. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, सहा ताटं, मध्ये सलगम घालून भट्टीत शिजवलेलं मटण, जवाची भाकरी, तळ्यातले खारवलेले मासे, लोणी, बिअरचा जग. हेल्वीची ठेवणीतली भांडी. मेणबत्त्या लावलेल्या. आणि चिटपाखरू नाही.

मी मोजलं. इल्का, बायको, दोन मुली, ताइस्तो. पाच. मग सहावं कुणाचं? माझं, दुसऱ्या कुणाचं! 'गरज नाही, गरज नाही' करत म्हाताऱ्यानं माझंही ताट मांडलं होतं. मला इतकं बरं वाटलं, की मी तिथेच नाक पुसलं.

मग खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात इल्काची गाडी नव्हती. लांब, आमची वाट मोठ्या रस्त्याला मिळते तिथे पत्रपेट्यांपाशी, एक कंदील दिसत होता. हलत नव्हता. ताइस्तो तिथे उभा होता, पोराच्या गाडीची वाट बघत. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आई गेल्यावरचा पहिला सण, बापानं एवढा स्वयंपाक केलाय, सौना तापवलीये, आणि या दिवट्याला यायला जमत नाही! मी तिथल्या तिथे ठरवलं. हे टेबल आज रिकामं राहणार नाही.

मी वंबुईला फोन लावला. ती केनियाची, इथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे. तिच्याकडे गाडी आहे आणि अशा सुट्टीत ती भिंतीशी बोलत बसलेली असते.

"जेवलीस?"

"ब्रेडला लोणी लावतेय."

"ठेव तो ब्रेड. दुआर्तेला उचल आणि ताइस्तोच्या घरी या. मागच्या जंगलाच्या रस्त्यानं. पुढे म्हातारा उभा आहे. त्याला परत आल्यावर एकदम भरलेलं घर दिसू दे."

दुआर्ते पोर्तुगालचा, शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाकी. मी, वंबुई आणि तो, आम्हा तिघांना गाव 'ती तीन बाहेरची' म्हणतं. दोघं आले तेव्हा वंबुईनं अंगात दोन कोट घातले होते.

"सहा ताटं आणि आपण तिघं?" ती म्हणाली.

"चौघं. ताइस्तो येईलच. दुप्पट खा."

दुआर्ते दारातच घुटमळला. "मालक घरात नाही आणि आपण जेवायला बसायचं?"

"त्याची वाट बघत बसलेले दिसलो तर त्याला ओशाळल्यासारखं होईल. जेवत असलेले दिसलो तर बरं वाटेल. माणसं आली, जेवली, घर गजबजलं. बस."

"तू काय डॉक्टर आहेस का त्याची?"

"बस म्हणते ना!"

बसले. मी भट्टीजवळची खुर्ची घेतली, म्हणजे वाढायला बरं. मटण असं शिजलं होतं, की हाडावरून आपोआप सुटत होतं. वंबुई वृद्धाश्रमातल्या एका आजीची गोष्ट सांगत होती. ती आजी रोज नव्यानं वंबुईला विचारते, की तुमच्याकडे अंधार कधी पडतो. वंबुई सांगते, रोज संध्याकाळी. आजीला ते अजिबात खरं वाटत नाही. दुआर्ते हसता हसता भाकरीनं ताट पुसत होता. मी त्याला दुसऱ्यांदा वाढत होते, तेवढ्यात दार उघडलं.

ताइस्तो आला नाही आत. नुसतं दार उघडलं त्यानं, आणि बाजूला झाला. हातात कंदील, खाली धरलेला. दुसऱ्या हातात टोपी. मान झुकवलेली. पाहुण्यांना आधी आत जाऊ द्यावं तसा तो अंग चोरून उभा राहिला, आणि थंड हवा आत येत राहिली. त्याच्यामागे कुणीच नव्हतं.

"काका, दार लाव, मेणबत्त्या विझतील!" दुआर्ते ओरडला.

ताइस्तोनं मान वर केली. त्याची नजर सरळ माझ्यावर आली. भट्टीजवळच्या खुर्चीवर, राखाडी स्वेटरवर. त्या एका क्षणात त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही. पंचवीस वर्षांचा पोरगा दिसला तो. आणि मग त्याला मी दिसले.

"तू होय," तो म्हणाला.

त्यानं दार लावलं. कंदील खाली ठेवला. आम्हा तिघांकडे, ताटांकडे, अर्ध्या भाकरीकडे बघितलं.

"इल्का आला नाही ना, म्हणून म्हटलं..." मी सुरुवात केली.

"इल्का उद्या येणार आहे. रविवारी."

"मग ही सहा ताटं?"

तो भिंतीला टेकला. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "माझे आईबाप. तिचे आईबाप. तिचा भाऊ, लढाईत गेला तो. आणि ती. हेल्वीच्या माहेरची रीत आहे. आधी ते सौनात बसतात, मग जेवतात. आपण रस्त्यापर्यंत जायचं, एकेकाला नावानं बोलवायचं, वाट दाखवत आणायचं. ते जेवेपर्यंत घरात थांबायचं नाही. ते उठले की मग आपण. दर वर्षी आम्ही दोघं जायचो बोलवायला. या वर्षी ती पलीकडून येणार होती."

वंबुईच्या तोंडात घास होता. तिला तो गिळताही येईना, काढताही येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हेल्वीच्या खुर्चीत, हेल्वीच्या स्वेटरमध्ये, हेल्वीच्या ताटात जेवत होते. ती पहिल्यांदा पाहुणी म्हणून आपल्या घरी येणार होती, आणि तिचं मी खाऊन बसले होते.

"बसा. जेवा," ताइस्तो म्हणाला. "अन्न आहे. आता त्याचं काय." त्यानं वाकून कंदिलावर फुंकर मारली आणि बाहेर गेला.

मी पाच मिनिटं रडले असेन. मग मला राग आला, आणि राग आला की माझे हात चालतात. मी बाहेर गेले. तो सौनाच्या पायरीवर बसला होता.

"पुन्हा मांडू," मी म्हणाले.

"उष्टं झालं ते."

"ते टाकून देऊ. दुसरं शिजवू."

"नको."

"गुरुवारी तुझी 'गरज नाही' मी ऐकायला हवी होती. ऐकली नाही, चुकले. पण हे 'नको' मी ऐकणार नाही. ती यायची आहे ना? मग तिला काय उष्ट्या ताटांसमोर बसवायचं? तुझ्या सासऱ्याला काय म्हणून सांगशील, तीन परदेशी आले आणि खाऊन गेले?"

मी तिथून हलले नाही. पाय गारठले, नाक गळायला लागलं, तरी उभी राहिले. शेवटी तो उठला, झोपडीमागे गेला, आणि दोन ओंडके आणून सौनाच्या चुलीत सारले. इथे 'बरं' असं म्हणतात ते याच पद्धतीनं.

मग आम्ही कामाला लागलो. वंबुईनं सगळी भांडी उकळत्या पाण्यानं घासली, कपाळाला आठ्या घालून, वृद्धाश्रमात घासतात तशी. टेबलक्लॉथवर बिअर सांडली होती, तो मी पालटला. मटण दुसरं नव्हतंच. दुआर्ते आपल्या घरी जाऊन खारवलेला मासा, घेवडा आणि सॉसेज घेऊन आला आणि मोठ्या पातेल्यात रटरटत ठेवलं. वंबुईनं चपात्या लाटून तव्यावर भाजल्या, केनियातही त्या घरोघरी होतात. माझं वाटाण्याचं सूप होतंच, कुणी शिवलं नव्हतं त्याला.

ताइस्तो दारात उभा राहून पातेल्यात बघत होता. "हेल्वीनं हे कधी खाल्लेलं नाही."

"तुझ्या बायकोनं मला विचारून विचारून भंडावलं होतं, तुमच्याकडे काय खातात, कसं करतात," वंबुई म्हणाली. "चपाती करून घालीन म्हणाले होते तिला. राहूनच गेलं."

"तिच्या बापाला लसूण चालायचा नाही," ताइस्तो म्हणाला.

दुआर्तेनं चमचा थांबवला. "आता टाकून झालाय."

"असू दे. तो जिवंतपणी पण जेवताना कुरकुरच करायचा."

आम्ही तिघं हसलो नाही. हसावं की नाही ते कळलं नाही. पण ताइस्तोच्या मिशा हलल्या.

सहा ताटं पुन्हा मांडली. सौना पुन्हा तापली. मी स्वेटर काढून भट्टीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर घातला, नीट, बाह्या सरळ करून. ताइस्तोनं कंदील पेटवला, हातात घेतला, अंगणाच्या टोकापर्यंत गेला. आणि तिथे थांबला. बराच वेळ थांबला. मी जवळ गेले.

"काय झालं?"

"मला नाही जमणार." तो कंदिलाकडेच बघत बोलत होता. "मघाशी हाक मारली मी तिला. मोठ्यानं. रस्त्यावर उभं राहून. सबंध जन्मात तिला कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती. लागलीच नाही कधी, ती जवळच असायची. एकदा मारली, ती सगळी ताकद लावून. आता आवाज निघत नाही."

मी बघितलं, तो खरंच सांगत होता. आणि नावानं बोलावल्याशिवाय ती येणार नाही, हेही तो खरंच मानत होता. मी असल्या गोष्टी मानत नाही. माझ्या घरात कुणी मानत नव्हतं. पण हे घर त्याचं होतं, बायको त्याची, आणि खेळखंडोबा मी केलेला.

"आण तो इकडे," मी म्हणाले आणि कंदील घेतला.

पत्रपेट्यांपर्यंतची वाट मी रोज चालते. त्या दिवशी ती संपता संपेना. मागून वंबुई आणि दुआर्ते येत होते, मी नको म्हटलं तरी. रस्त्याला लागल्यावर मी कंदील खाली धरला, त्यानं धरला होता तसा. समोर जंगल, काळंकुट्ट. आधी त्या चौघा म्हाताऱ्यांची आणि भावाची नावं घेतली, ताइस्तोनं घोकवून घेतली होती ती. मग घसा साफ केला. या गावात एवढ्या मोठ्यानं कुणी बोलत नाही.

"हेल्वी! मी आहे, वीट्स्के. ऐक. सगळा घोळ माझा आहे. त्याचा काही दोष नाही. त्यानं सगळं नीट केलं होतं, तू असताना करायचा तसं. तुझ्या खुर्चीत मी बसले. तुझं मटण मी खाल्लं. रागवायचं तर मला रागव, पण परत फिरू नकोस. तो तुला सांगणार नाही, तुला माहीत आहे तो कसा आहे, म्हणून मी सांगते. त्याला तुझ्याशिवाय करमत नाही. सरपण फोडतो, फोडतच राहतो, तीन हिवाळे पुरेल एवढं झालंय. आणि मलाही करमत नाही. तू गेल्यापासून या गावात माझ्याशी कुणी धड भांडलंसुद्धा नाही. ये गं बाई. जेवण गरम आहे."

जंगलात पाणी ठिबकत होतं. मी वळणार होते. पावलं उचलेनात. माझ्या तोंडून आपोआप पुढचं निघालं, आणि ते फिनलंडच्या भाषेत निघतंय की माझ्या, तेही मला कळत नव्हतं.

"आणि हेल्वी, आणखी एक. वाटेत एक म्हातारा भेटेल बघ. उंच, वाकलेला, हाताचे पंजे फावड्याएवढे. माझा बाप आहे तो. आयुष्यभर कालव्यांतून मालाच्या होड्या चालवल्या, त्याला पाण्याचीच वाट कळते. जंगलात तो कधी चालला नाही. इथली भाषा येत नाही, आणि मी कुठे राहते ते बघायला यायचं यायचं म्हणता गेला. तो कुणाला रस्ता विचारणार नाही. त्याला हाताला धरून आण."

मागे कुणीतरी नाक ओढलं. मग वंबुईचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "माझ्या बहिणीला पण. न्यांबुरा नाव तिचं. तिला थंडी सोसत नाही. तिला सांग, आधी सौनात बस."

दुआर्तेनं टोपी काढली. काही सांगितलं नाही त्यानं, समजावलं नाही. नुसतं एक नाव घेतलं. "लिदुईना!" आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, असं की तळ्यापलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.

आम्ही परत फिरलो. परतताना मागे बघायचं नसतं, ताइस्तोनं बजावलं होतं. मी बघितलं नाही. कंदील खाली धरून चालत राहिले, सावकाश, म्हाताऱ्या माणसांना झेपेल असं.

ताइस्तो पायरीवर नव्हता. खिडकीतून दिसला. शांत रात्रीत आमचं सगळं बोलणं त्याला ऐकू गेलं असणार. तो कपाटातून ताटं काढत होता. एक, मग दुसरं, मग तिसरं. आधीची ताटं त्यानं सरकवली, जागा केली. आतल्या खोलीतून एक खुर्ची आणली, मग एक स्टूल, मग बाहेरचा बाक ओढत आत नेला. त्या बाकाजवळचं ताट त्यानं हातानं मापून जरा मागे घेतलं, पंजे मोठे असलेल्या माणसाला ऐसपैस बसता यावं म्हणून.

मग तो दाराशी आला. दार उघडलं, टोपी काढली आणि बाजूला झाला. आम्ही अंगणातच थांबलो, एकमेकांना चिकटून. त्यानं दार खूप वेळ उघडं धरलं. इतक्या जणांना आत जायचं म्हणजे तेवढा वेळ लागतोच.